वेकफिल्डचे तेरा गडी

लेकीच्या बाळंतपणासाठी आईने विलायतेला जायचे आणि बापाने डिंकाच्या लाडवांचे डबे सांभाळीत तिच्या मागोमाग जायचे, ही आता आपल्या मध्यमवर्गीय घरांतली रीतच होऊन बसली आहे. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयतांनीही ती पाळली. लंडनचा बिग बेन, पॅरिसचा मनोरा, जमल्यास स्वित्झर्लंडातला बर्फ अशी स्वप्ने उराशी बाळगून निघालेला मी प्रत्यक्षात उतरलो तो यॉर्कशायरातल्या वेकफिल्ड नावाच्या गावी. जावई तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहेत. सहा महिने राहिलो, पण स्वित्झर्लंड काही पाहिले नाही. पाहिला तो तेरा गड्यांच्या एका संघाचा हंगाम. तो पाहायला मिळाला नसता तर मला अधिक वाईट वाटले असते, असे आता वाटते.

वेकफिल्ड हे लीड्स शहराच्या दक्षिणेला दहाएक मैलांवरचे गाव. लंडनहून आगगाडीने दोन तासांची वाट. गावाच्या मधोमध कॅथीड्रल आहे आणि त्याचा मनोरा २४७ फूट उंच, म्हणजे सगळ्या यॉर्कशायरात उंच. खालून कॉल्डर नदी वाहते. तिच्यावरच्या जुन्या पुलाला चिकटून चौदाव्या शतकातले एक छोटे प्रार्थनामंदिर उभे आहे. पुलावरच देऊळ पाहून आमच्या हिला फार बरे वाटले. आत कोणता देव आहे याची चौकशी न करता तिने बाहेरूनच हात जोडले. या गावात बसचा कंडक्टर नसतो, ड्रायव्हरच तिकीट देतो, आणि ते देताना पोक्त बायकांनासुद्धा 'लव्ह' म्हणतो. पहिल्या दिवशी त्याने हिला तसे म्हटले तेव्हा मी चमकलो. मग त्याने मलाही 'लव्ह' म्हटले आणि प्रश्न मिटला.

या भागाची दोन पिके. एक कोळसा आणि दुसरे रूबार्ब. कोळसा आता संपला. इंग्लंडातली शेवटची खोल खाण केलिंग्ली, ती इथून फार लांब नाही, २०१५ च्या डिसेंबरात बंद झाली. रूबार्ब मात्र अजून आहे. तांबड्या-गुलाबी देठांची ही भाजी चुक्यासारखी आंबट, आणि इंग्रज लोक तिच्यात साखर ओतून तिचे गोड करतात. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या तीन गावांमधला त्रिकोण तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तिला काळोख्या छपरांखाली वाढवतात आणि मेणबत्त्यांच्या उजेडात तोडतात; उजेड फार लागला तर देठाचा कोवळेपणा जातो. पूर्वी ही छपरे गावच्याच कोळशाने उबदार ठेवीत आणि खत म्हणून लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ भाग घालीत.

ही माहिती मला पुस्तकातून मिळाली नाही, एका आरडाओरड्यातून मिळाली. लेकीच्या परसात रूबार्बचे चांगले माजलेले झुडूप होते. पाने अगदी अळूसारखी. आमच्या हिने विळी नाही म्हणून सुरी घेतली आणि पातळभाजीच्या तयारीने ती पाने कापायला सुरुवात केली. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक उंच, वाकलेला, डोक्याला सपाट टोपी घातलेला म्हातारा दोन्ही हात हलवीत धावत आला. "नको! नको! देठ खा, पानं विषारी!" असे तो ओरडत होता. पाने खरोखरच विषारी असतात. आमच्या कुटुंबाच्या चार जिवांवर, पाचव्या येऊ घातलेल्यासह, या गृहस्थांचे उपकार आहेत. हिने मग देठांचा मेथांबा केला आणि एक वाटी कुंपणावरून पलीकडे दिली. दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी परत आली आणि तिच्याबरोबर एक प्रश्न आला.

"तुम्ही ट्रिनिटीचे आहात ना?"

ट्रिनिटी म्हणजे ख्रिस्ती लोकांचे त्रैक्य एवढे मला ठाऊक होते. धर्माचा प्रश्न म्हटल्यावर मी जपून उत्तर दिले. म्हटले, "आम्ही हिंदू. पण आमच्या घरी त्रिमूर्ती दत्ताची उपासना आहे." म्हातारबुवांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "तो कोणत्या जागी खेळतो?"

संध्याकाळी लेकीने उलगडा केला. वेकफिल्ड ट्रिनिटी हा गावचा रग्बी लीगचा क्लब. होली ट्रिनिटी नावाच्या चर्चमधल्या तरुणांनी १८७३ मध्ये तो काढला म्हणून हे नाव. "बाबा, इथे हवापाण्याच्या आधी ट्रिनिटीबद्दल बोलतात," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणून टाका."

पहिला सामना आम्ही घरी टेलिव्हिजनवर पाहिला. मी फुटबॉल समजून बसलो होतो. हिने पाच मिनिटे पाहिले आणि विणकामावरून मान वर न करता ती म्हणाली, "अहो, हा तर हुतुतू!" आणि खरेच की! एक गडी अंड्याच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या गर्दीत घुसतो. समोरचे दोघे-तिघे त्याची पकड करतात, कोणी कमरेला, कोणी पायांना. फरक एवढाच की इथे पकडला गेलेला गडी बाद होत नाही. तो उठतो, चेंडू पायाने मागे सारतो, मागचा तो उचलतो आणि पुन्हा घुसतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या पक्षाचा. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. म्हणजे पुढे जायचे तर मागे देत देत जायचे. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे आज ४ गुण, १९८३ पर्यंत ३ असत. त्यानंतर चेंडू जमिनीवर ठेवून दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून लाथेने उडवायचा, त्याचे आणखी २. गडी तेरा, वेळ ऐंशी मिनिटे. दम घुमवायचा नसतो, पण दम लागतो.

आपण ज्याला नुसते 'रग्बी' म्हणून ओळखतो तो पंधरा गड्यांचा खेळ वेगळा. दोघांची ताटातूट कशी झाली ही कथा मला खेळापेक्षाही मोलाची वाटली. गेल्याच्या मागच्या शतकात रग्बी लंडनकडचे सुखवस्तू लोक खेळत आणि उत्तरेकडचे खाणकामगार व गिरणीकामगारही खेळत. कामगाराला शनिवारीही कामावर जावे लागे. सामन्याला गेला की रोजचा पगार बुडे. उत्तरेच्या क्लबांचे म्हणणे एवढेच की बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. १८९३ मध्ये यॉर्कशायरवाल्यांनी लंडनच्या सभेत तसा ठराव मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. खेळ हा खेळासाठी खेळावा, पैशासाठी नव्हे, असे सभ्य गृहस्थांचे मत होते. आणि ज्याच्या घरी पगार बुडाल्याने चूल अडत नाही त्याला हे मत परवडते. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांत वेकफिल्ड ट्रिनिटीही होता. सुरुवातीला भरपाई किती, तर दिवसाला फार तर ६ शिलिंग. पुढे १९०६ मध्ये त्यांनी गडी पंधराचे तेरा केले, आणि खेळच निराळा झाला. आजही हा खेळ मुख्यतः त्याच पट्ट्यातला, यॉर्कशायर आणि लँकशायरच्या जुन्या गिरण्या-खाणींच्या गावांतला. पन्नास मैलांच्या आतबाहेर सगळी सोयरीक आणि सगळे वैर.

म्हातारबुवा स्वतः खाणीत होते, १९८५ पर्यंत. वय शहात्तर. बायको निवर्तलेली, नात जवळच राहते. ते दुपारी चार वाजता कुंपणाशी यायचे, मी माझी खुर्ची इकडे न्यायचो आणि वेकफिल्डचा इतिहास सुरू व्हायचा. नील फॉक्सचे नाव तर मी आता झोपेतही सांगेन. सोळाव्या वर्षी, १९५६ मध्ये तो ट्रिनिटीकडून पहिला सामना खेळला आणि १९७९ पर्यंतच्या कारकिर्दीत त्याने ६,२२० गुण केले. इतके गुण या खेळात दुसऱ्या कोणी केलेले नाहीत. १९६० च्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात, वेम्ब्लीवर, ट्रिनिटीने हलला ३८–५ ने झोडपले. त्यातले २० एकट्या नीलचे. १९६२ आणि १९६३ मध्येही चषक वेकफिल्डलाच आला. त्याच सुमारास लिंडसे अँडरसन या दिग्दर्शकाने 'धिस स्पोर्टिंग लाइफ' हा चित्रपट काढला. कादंबरी वेकफिल्डच्याच डेव्हिड स्टोरीची, आणि खेळाची दृश्ये ट्रिनिटीच्या मैदानावर घेतलेली. "त्यात गर्दीत मी आहे," म्हातारबुवा म्हणाले. मी तो चित्रपट दोनदा पाहिला. टोप्याच टोप्या दिसतात.

एक गोष्ट मात्र ते टाळत. १९६८ म्हटले की रूबार्बकडे वळत.

आम्ही गेलो ते वर्ष ट्रिनिटीच्या दृष्टीने मोठे आणीबाणीचे होते. वरच्या श्रेणीत, म्हणजे सुपर लीगमध्ये, हा क्लब १९९९ पासून तग धरून होता. तग धरून हाच शब्द बरोबर. २००६ मध्ये शेवटच्या दिवशी शेजारच्या कॅसलफर्डला हरवून ते वाचले आणि कॅसलफर्ड बुडाले. २०१५ मध्ये ब्रॅडफर्डला २४–१६ ने हरवून पुन्हा वाचले. मधे एकदा दिवाळखोरीही झाली. आणि २०२३ मध्ये अखेर कुटुंबातल्या कर्त्याने हाय खावी तसे झाले. सबंध हंगामात अवघे ४ विजय, आणि क्लब खालच्या श्रेणीत घसरला. म्हातारबुवा म्हणत, खाण बंद झाली तेव्हा जसे रस्त्यात लोक एकमेकांशी हळू बोलत, तसे गाव पुन्हा बोलू लागले. मग मॅट एलिस या स्थानिक उद्योजकाने क्लब विकत घेतला, डॅरिल पॉवेल या जाणत्या प्रशिक्षकाला आणले, मैदानावर नवा प्रेक्षकमंडप उठला, आणि २०२४ चा हंगाम चौदा संघांच्या चॅम्पियनशिप श्रेणीत सुरू झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रिनिटी एकामागून एक सामने मारीत होती. गाव अजून मोठ्याने बोलायला धजत नव्हते.

मग बातमी आली की ट्रिनिटी वेम्ब्लीवर जाणार. चॅलेंज कपासाठी नव्हे. खालच्या श्रेणीच्या संघांसाठी एक वेगळा चषक आहे. त्याचे नावच '१८९५ कप'. म्हणजे ताटातुटीच्या वर्षाचे नाव या लोकांनी चषकाला दिले आहे. जावयांनी म्हातारबुवांना विचारले, "येणार ना?" ते म्हणाले, "मी वेम्ब्लीला जात नाही." आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते कुंपणाशी आले तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले.

१९६७ मध्ये ट्रिनिटी इतिहासात प्रथमच इंग्लंडची विजेती झाली. ४ मे १९६८ रोजी हेडिंग्लीवर हल किंग्स्टन रोव्हर्सला १७–१० ने हरवून तिने ते पद राखले. एक आठवड्याने, ११ मे रोजी, वेम्ब्लीवर चॅलेंज कपचा अंतिम सामना, लीड्सविरुद्ध. दोन्ही जिंकले की झाले! वीस वर्षांचे म्हातारबुवा वडिलांबरोबर बसने लंडनला गेले. सामन्याआधी आभाळ फाटले. ८७,१०० माणसे पावसात भिजत होती आणि मैदानाचे तळे झाले होते. पकड झाली की गडी पाण्यावरून घसरत वारभर लांब जायचे. नील फॉक्स दुखापतीमुळे बाहेर; लाथेने गोल मारायचे काम त्याचा थोरला भाऊ डॉन फॉक्स याच्याकडे. शार्ल्स्टन या खाणीवरच्या खेड्यातली ही भावंडे, बापही खेळाडू, सगळ्यांत थोरला भाऊ पीटर पुढे नामांकित प्रशिक्षक झाला. डॉन त्या दिवशी इतका सुरेख खेळला की सामना संपण्याआधीच वार्ताहरांनी सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड करंडक त्याला देऊन टाकला.

शेवटचे मिनिट. लीड्स ११, ट्रिनिटी ७. चेंडू पाण्यात थपथपत पडला, लीड्सवाल्यांच्या हाती लागला नाही, आणि केन हर्स्टने तो पायाने पुढे ढकलीत नेऊन खांबांच्या जवळ रेषेपलीकडे टेकवला. ११–१०. आता एक लाथ. खांबांच्या समोरून. इतक्या समोरून की शाळकरी पोरानेही मारावी. दोन गुण, आणि चषक वेकफिल्डचा.

"मी वळून वडिलांना मिठी मारली," म्हातारबुवा म्हणाले. "डॉन फॉक्स समोरून चुकतो होय? मी पाहायचीसुद्धा तसदी घेतली नाही. मग सगळं स्टेडियम एकदम 'ओऽह' म्हणालं."

चेंडू उजवीकडून बाहेर गेला. डॉनचा पाय पाण्यात सरकला होता. तो जमिनीवर कोसळला, डोके हातांत धरून. टेलिव्हिजनवर एडी वेअरिंग समालोचन करीत होते, त्यांच्या तोंडून तेवढेच निघाले, 'बिचारा पोरगा!' हे शब्द इंग्लंडात आजही लोकांना पाठ आहेत. त्यानंतर अर्ध्या शतकात ती लाथ टेलिव्हिजनने किती वेळा दाखवली याला गणती नाही. म्हातारबुवा दर वेळी उठून खोलीबाहेर जातात. त्यांनी ती अजून पाहिलेली नाही.

"परत येताना बसमध्ये कोणी बोललं नाही. लीसेस्टरच्या पुढे आल्यावर वडील उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, 'डॉनला उद्या याच रस्त्यांवरून चालायचं आहे. त्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही.' आणि आमच्या गल्लीत कोणी बोललं नाही."

मी काहीतरी सांत्वनाचे बोलू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. "त्या पाण्यावर मी पाच वर्षं चिडून होतो. मग १९७३ आलं. लॉफ्टहाउसच्या खाणीत जुन्या बोगद्यातलं पाणी घुसलं. सात माणसं गेली. सगळा मुलूख त्या खाणीच्या तोंडाशी उभा होता, मीही होतो. त्यानंतर खेळातल्या पाण्यावर चिडलो नाही. वेम्ब्लीला जात नाही, एवढंच."

डॉन फॉक्स २००८ मध्ये वारला. आठवडाभरापूर्वी जिंकलेले अजिंक्यपद, कारकिर्दीतले शेकडो गोल, लान्स टॉड करंडक, हे सगळे एका बाजूला आणि ती एक लाथ एका बाजूला. आपल्याकडेही हे चालतेच. ते मला लीड्सला गेल्यावर आठवले. हेडिंग्लीचे मैदान म्हणजे एकाच मंडपाच्या दोन बाजू आहेत. इकडे तोंड करून बसलात तर क्रिकेट, तिकडे तोंड करून बसलात तर रग्बी लीग. जावयांनी मला दोन्हीकडून दाखवले. क्रिकेटच्या बाजूला उभा राहिलो आणि १९५२ चा जून आठवला. त्या कसोटीत विजय मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ धावा काढल्या होत्या, वयाच्या विसाव्या वर्षी, परक्या हवेत. पण कोणाला विचारा हेडिंग्ली १९५२, तो सांगेल: ० बाद ४. दुसऱ्या डावात ट्रूमन आणि बेडसर यांच्यापुढे पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर, धावफलकावर भोपळा असताना चौघेही तंबूत. ते १३३ कोणाच्या ध्यानीमनी नाहीत. १९८६ मध्ये याच मैदानावर वेंगसरकरांनी ६१ आणि नाबाद १०२ काढून सामना जिंकून दिला तेव्हा कुठे आमच्या पिढीचा जीव थोडा शांत झाला. हे मी म्हातारबुवांना सांगितले. क्रिकेटात त्यांना गम्य नाही (यॉर्कशायरात हे कबूल करायला धैर्य लागते) पण त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या चौघांना त्यांच्या गावात कोणी काही बोललं?" मला उत्तर देता आले नाही.

८ जूनला ते वेम्ब्लीला गेले. कोणी समजावले म्हणून नव्हे. नातीने परस्पर दोन तिकिटे काढली आणि पैसे परत मिळत नाहीत असे सांगितले. यॉर्कशायरचा माणूस दुःख गिळेल, पण तिकीट फुकट घालवणार नाही. अर्थात ते वेम्ब्ली राहिलेलेही नाही. जुने पाडून २००७ मध्ये नवे उभे राहिले. मोठ्या चषकाचा सामना आधी झाला, त्यानंतर ट्रिनिटी उतरली आणि तिने शेफील्ड ईगल्सला ५०–६ ने लोळवले. १९६३ नंतर वेम्ब्लीवर हा पहिला विजय. आम्ही घरी पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी आधीच जाऊन उभा. मला वाटले होते की आता अश्रू वगैरे पाहायला मिळतील. त्यांनी पाऊण तास तिथल्या कागदी पेल्यातल्या चहाच्या किमतीवर भाषण केले. मग जाता जाता म्हणाले, "समोरून मारायच्या लाथा होत्या ना, त्या सगळ्या पाहिल्या. डोळे उघडे ठेवून."

जुलैत आम्हाला नातू झाला. बारशाला म्हातारबुवा लाल-पांढऱ्या-निळ्या लोकरीची इवलीशी टोपी घेऊन आले, ट्रिनिटीचे रंग. हिने दादरहून कुंची नेली होती. बाळाच्या डोक्यावर आधी काय घालायचे यावर दोन्ही पक्षांत थोडी ओढाताण झाली. आधी कुंची, वर टोपी असा तह झाला आणि बाळ घामाघूम होऊन रडू लागले.

उन्हाळाभर मी त्यांच्याबरोबर बेल व्ह्यूला जात राहिलो. बेल व्ह्यू हे ट्रिनिटीच्या मैदानाचे नाव, अर्थ 'सुरेख देखावा'. देखावा म्हणाल तर डॉन्कास्टर रस्त्यावरच्या विटांच्या घरांची पाठ दिसते. गावातून पूल ओलांडून पायी जायचे. वाटेत पुलावरचे ते देऊळ, पलीकडे बार्बरा हेपवर्थ या इथेच जन्मलेल्या शिल्पकार बाईंच्या नावाचे नवे कलादालन. मैदानात पायाशी 'पाय अँड पीज' मिळतो, म्हणजे मांसाची कचोरी आणि वाटाण्याचा हिरवा लगदा. मी शाकाहारी असल्यामुळे माझ्या वाट्याला लगदा. हिरवी मिरची आणि लसूण घातला असता तर तो खाण्याजोगा झाला असता. सगळ्यांत नवल वाटले ते हे की दोन्ही पक्षांचे लोक एकाच जागी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, एकमेकांच्या संघांचा उद्धार करतात, आणि मध्यंतरात एकमेकांना चहा आणून देतात. मधे दोरखंड नाही की पोलीस नाही. पूर्वी हा खेळ हिवाळ्यात, चिखलात चालायचा. १९९६ पासून तो उन्हाळ्यात आणला. म्हातारबुवांना हे मान्य नाही. चिखल नसेल तर अंघोळ कशाला करायची, असा त्यांचा सवाल.

१९ ऑक्टोबरला बेल व्ह्यूवर अंतिम सामना झाला, फ्रान्सच्या तुलूझ संघाशी. या पाहुण्यांविषयी म्हातारबुवांना आदर आहे. फ्रान्समध्ये विशी सरकारने १९४१ मध्ये या खेळावर बंदी घालून त्याची मालमत्ता जप्त केली होती. तरी तो खेळ तिथे जिवंत राहिला. आदर असला तरी दया नाही. ट्रिनिटी ३६, तुलूझ ०. सामना संपल्यावर माणसे मैदानात धावली, शिट्ट्या, गाणी, पोरे बापांच्या खांद्यांवर. म्हातारबुवा जागचे हलले नाहीत. टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

आता तुम्ही म्हणाल, जिंकले, म्हणजे वर गेले. मीही तेच समजलो होतो. पण इथे नवी तऱ्हा निघाली आहे. २०२५ पासून वरच्या श्रेणीत कोणी बसायचे हे नुसत्या विजयांवर ठरत नाही, गुणपत्रिकेवर ठरते: प्रेक्षक किती, पैशाची घडी कशी, मैदान कसे, गावाची वस्ती किती, आणि त्यांतच एक विषय खेळाचा. आयुष्यभर वरिष्ठांचे गोपनीय शेरे झेललेल्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून शहारे आले. तेरा गड्यांनी हाडे मोडून घ्यायची आणि निकाल हिशेबनीसाने लावायचा हे मला पटत नाही, आणि ज्यांच्या पूर्वजांनी १८९५ मध्ये गृहस्थांच्या सभेला रामराम ठोकला त्यांना ते पटावे याचे मला आश्चर्य वाटते. सुदैवाने त्याच महिन्यात लागलेल्या निकालात ट्रिनिटी उत्तीर्ण झाली, आणि लंडनचा संघ तिच्या जागी खाली गेला. लंडन खाली गेले हे सांगताना म्हातारबुवांच्या चेहऱ्यावर त्या सबंध हंगामातले पहिले मोकळे हसू दिसले.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही परतलो. निघताना त्यांनी हिला रूबार्बचे देठ दिले, हिने त्यांना मेथीचे दाणे आणि गुळाची ढेप दिली आणि मेथांब्याची कृती कागदावर लिहून दिली. विमानतळावर ते देठ आमच्या सामानातून काढून घेतले गेले.

२०२५ च्या फेब्रुवारीत सुपर लीगचा नवा हंगाम सुरू झाला. पुढे त्या हंगामात ट्रिनिटी सहाव्या क्रमांकावर राहिली, पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक नव्हते. पहिला सामना होता १५ तारखेला, हेडिंग्लीवर, लीड्सविरुद्ध. रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. पडद्यावर म्हातारबुवाच होते, मांडीवर नातू. त्यांनी बोटांनी आकडे दाखवले, बोटे कमी पडली, मग तोंडाने सांगितले: ट्रिनिटी १४, लीड्स १२. दोन गुणांनी. आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. नातवाने त्यांचा चष्मा ओढला आणि फोन बंद पडला.

"कोण जिंकलं?" हिने स्वयंपाकघरातून विचारले.

"आपण," मी म्हटले.

"ते असू दे. बाळाच्या डोक्यावर कुंची होती का?"